बेलरचा ब्रँड बदलण्याआधी

शिरूर-दौंड पट्ट्यात मुरघासाची नवलाई आता संपली आहे. घोड आणि भीमा नद्यांच्या खोऱ्यातली इनामगाव, मांडवगण फराटा, न्हावरे ही गावे ऊस, कांदा आणि दूध यांच्यावर उभी आहेत. त्यातले रोजचा पैसा देणारे एकटे दूधच. मका चिकात आला की कापायचा, त्याची कुट्टी करायची, ती दाबून हवाबंद करायची आणि उन्हाळ्यात गव्हाणीत टाकायची, हे गणित इथल्या गोठ्यांना चांगले पाठ आहे. आता पुढचा प्रश्न पडू लागला आहे तो कुट्टीचा गोल गठ्ठा बांधून त्यावर फिल्म गुंडाळणाऱ्या यंत्राचा, म्हणजे बेलर-रॅपरचा. एखाद्या तरुणाने, बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने यंत्र घेतलेले असते. दोन-तीन हंगाम जातात, गठ्ठ्यांना बुरशी लागल्याच्या तक्रारी येतात, ऐन कापणीत यंत्र बंद पडते आणि मग विचारणा सुरू होते : कंपनी बदलावी का? कोणती चांगली? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण यंत्रावर रंगवलेल्या नावात शोधतात. माझे म्हणणे असे की नावाकडे सर्वांत शेवटी पाहावे. त्याआधी दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली, गठ्ठ्यात राहिलेली हवा. दुसरी, बंद पडलेल्या यंत्रापासून त्याच्या सुट्या भागापर्यंतचे अंतर. हवा राहण्याचे कारण यंत्राबाहेर असेल तर ब्रँड बदलून काही साधणार नाही, आणि सुटा भाग हंगामात हाती येत नसेल तर कितीही मोठ्या नावाचे यंत्र ठेवून उपयोग नाही.

हा प्रश्न इथे इतका निकडीचा का, ते आधी पाहू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. कालव्याने आणि विहिरींनी ऊस आणला आणि उसाने वाढे आणले, पण वाढे मिळतात ते गाळप सुरू असेपर्यंत. कारखान्यांची धुराडी थांबली की हिरवी वैरण आटते आणि पाऊस पडून नवा चारा हाती येईपर्यंतचे महिने काढावे लागतात. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके होते. इथल्या गोठ्यांत आता संकरित गाई आहेत. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी संकरीकरणाचे काम गावोगाव नेले, त्याचे हे फळ. देशी गाय कडब्यावर उन्हाळा काढते आणि दूध कमी करून तग धरते. होल्स्टीन रक्ताच्या गाईचे दूध मात्र एकदा उतरले की त्या वेतात पुन्हा पहिल्या पातळीवर येणे कठीण असते. तिला बाराही महिने सारखा चारा लागतो. साठवणीचा प्रश्न या मातीला नवा नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती सापडली. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून घरांशेजारची धान्याची बळदे, कणग्यांचे गोल ओटे आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट उजेडात आला. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या खोऱ्यात जो साठवतो तो टिकतो, हे तेव्हाही खरे होते. आज साठवायचा आहे तो ओला चारा, आणि ओल्या चाऱ्याचा शत्रू आहे हवा.

मुरघास म्हणजे नियंत्रित आंबवण. मक्याच्या कुट्टीत साखर असते आणि पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. हवा काढून टाकली की हे जिवाणू जोर धरतात, साखरेचे आम्ल करतात आणि काही दिवसांत चाऱ्याचा सामू चारच्या आसपास उतरतो. त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू टिकत नाहीत, म्हणून चारा महिनोन्‌महिने राहतो. हवा राहिली तर सगळे उलटे घडते. कुट्टीतल्या जिवंत पेशी श्वास घेत राहतात, साखर जळते, गठ्ठा तापतो, यीस्ट आणि बुरशी वाढतात. बुरशीतल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ते गाईच्या पोटातून दुधात उतरते. दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ साठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. म्हणजे बुरशीचा गठ्ठा शेतकऱ्याचे नुकसान करतोच, शिवाय दूध पिणाऱ्या लेकरापर्यंत पोहोचतो. या सगळ्या साखळीत बेलर-रॅपरकडे दोनच कामे आहेत. कुट्टी इतकी घट्ट दाबायची की आत हवेला जागा उरू नये, आणि फिल्म अशी गुंडाळायची की बाहेरची हवा आत शिरू नये. यंत्राचे माप या दोनच कसोट्यांवर करायला हवे.

आपल्याकडे बरीच यंत्रे लहान गठ्ठ्याची असतात. त्यांतला एक रूढ आकार सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ५२ सेंटिमीटर उंचीचा. याचे घनफळ निघते साधारण पाव घनमीटराच्या निम्मे, म्हणजे १२३ लिटर. त्यात ८० किलो कुट्टी बसली तर घनमीटरला सुमारे ६५० किलो भरली. ६० किलोच बसली तर घनता पाचशेच्याही खाली गेली. बाहेरून दोन्ही गठ्ठे सारखेच गोल आणि चकचकीत दिसतात. दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. या लहान गठ्ठ्याच्या बाहेरच्या फक्त अडीच सेंटिमीटरच्या थरात, म्हणजे एका इंचात, एकूण चाऱ्याचा पाव हिस्सा असतो. सव्वा मीटरच्या आसपासच्या मोठ्या गठ्ठ्यात त्याच एका इंचात जेमतेम आठवा हिस्सा असतो. फिल्ममधून हवा शिरली की आधी बिघडतो तो हाच कडेचा चारा. त्यामुळे युरोपातल्या टनभराच्या गठ्ठ्याला फिल्ममधली जी ढिलाई खपून जाते, ती आपल्या लहान गठ्ठ्याला खपत नाही. फिल्मचा एक थर वाचवला तर पणाला लागतो तो चौथा हिस्सा. फिल्म मुळात २५ मायक्रॉनची, ती ताणून गुंडाळली की आणखी पातळ होते, आणि वैशाखातल्या उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून हवा अधिक सहज झिरपते. म्हणून थंड देशात चार थरांवर भागत असेल तर इथे सहा थरांचा आग्रह धरणे शहाणपणाचे आहे.

आता बिघडलेला एक गठ्ठा जवळून पाहू, कारण कंपनी बदलण्याचा निर्णय बहुधा अशाच गठ्ठ्यासमोर उभे राहून रागाच्या भरात घेतला जातो. चाकूने फिल्म उभी फाडली, जाळी कापली. मधला गाभा पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा, हाताला गार. कडेला मात्र दोन बोटे रुंदीची तपकिरी-काळी पट्टी आणि एका बाजूला पांढऱ्या बुरशीचा डाग. तो डाग ज्या बाजूला आहे तिथल्या फिल्मवरून बोट फिरवले तर बारीक छिद्र सापडते : मक्याच्या जाड धांड्याचे टोक आतून घुसलेले, किंवा गाडीतून उतरवताना आकडीने ओढलेले. हा दोष बेलरचा नव्हे. पहिला कुट्टीच्या बोथट पात्यांचा, दुसरा हमालीचा. कडेची काळी पट्टी सगळीकडे सारखी असेल तर फिल्म कापून थर मोजावेत. पॅनेलवर सहा थर लावलेले असतात आणि हातात चारच निघतात, असे होऊ शकते, कारण फिल्म महाग आहे आणि गुंडाळणीच्या फेऱ्या कमी करणे चालवणाऱ्याच्या हातात असते. गाभाच काळा आणि घाण वासाचा असेल तर मका फार ओला कापला गेला. गाभा कोरडा, तुसासारखा आणि बुरशीचा असेल तर मका वाळून गेल्यावर कापला. मक्यात ६५ ते ७० टक्के ओलावा असताना, दाण्यातली दुधाची रेघ निम्म्यावर आली असताना आणि कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची असतानाच बेलरला त्याचे काम नीट करता येते. गठ्ठा कुठल्या कारणाने बिघडला हे न पाहता यंत्र बदलले, तर पुढच्या वर्षी नव्या रंगाच्या यंत्रातून तोच बिघडलेला गठ्ठा बाहेर पडेल.

म्हणून पहिली पायरी ही की चालू यंत्राची परीक्षा घ्यावी. एकाच शेताच्या कुट्टीचे वीस गठ्ठे वजनकाट्यावर टाकावेत. वजने एकमेकांच्या जवळ असतील तर दाब सारखा बसतो आहे. कुणी ५८, कुणी ८० किलो भरत असेल, तर भरणी असमान आहे किंवा रोलर, पट्टे आणि दाबाची जुळणी ढिली झाली आहे. त्यातल्या काही गठ्ठ्यांवर तारीख आणि शेताचे नाव लिहून ते बाजूला ठेवावेत. दीड महिन्याने ते उघडून कडेचा किती चारा टाकून द्यावा लागला त्याचे वजन करावे. थर, फिल्म आणि ओलावा नीट ठेवूनही हा टाकाऊ भाग कमी होत नसेल, तरच दोष यंत्राचा ठरतो. तुलनेचे माप ताशी किती गठ्ठे हे ठेवू नये, गाईच्या तोंडात किती टन गेले हे ठेवावे. समजा एक यंत्र हंगामात ५०० टन बांधते आणि त्यातले १२ टक्के वाया जाते, तर खाल्ले गेले ४४० टन. दुसरे संथ यंत्र ४६० टनच बांधते, पण वाया जाते ४ टक्के, म्हणजे तेही ४४० टनांच्या पुढेच गेले. दुसऱ्याने ४० टन मका, त्याची कापणी, वाहतूक आणि फिल्म वाचवली. जाहिरातीत मात्र पहिलेच यंत्र वेगवान म्हणून झळकते.

दुसरे माप अंतराचे. मक्याचा कापणीयोग्य काळ थोडा असतो. चिकात आलेल्या मक्यातला कोरडा अंश दिवसाला अर्धा ते एक टक्का वाढतो आणि उष्णता असेल तर त्याहून झपाट्याने. ३० टक्क्यांवरून ३५वर जायला पाच ते दहा दिवस. तेवढीच खिडकी. दहा एकर मका आहे आणि एकरी १८ टन हिरवा चारा निघतो असे धरू. ७५ किलोच्या गठ्ठ्याने २४०० गठ्ठे झाले. यंत्र ताशी ५० गठ्ठे बांधत असेल तर ४८ तास चालायला हवे. शेतीच्या फीडरवर दिवसा आठ तास थ्री-फेज मिळाली तर सहा दिवस, तेही एक तास न थांबता. आता बेअरिंग फुटले किंवा सेन्सर गेला आणि भाग यायला तीन दिवस लागले, तर खिडकी संपली. पहिल्या दिवशीचा मका उत्तम बांधला गेला आणि शेवटचा वाळून दाणा टणक झाल्यावर. त्याला यंत्र कितीही दाबो, त्यात हवा राहणारच. म्हणजे सुट्या भागाला झालेला उशीर शेवटी गठ्ठ्यातल्या हवेच्याच रूपात समोर येतो. मी सुरुवातीला ज्या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या त्या इथे एक होतात.

हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, कारण सगळे भाग सारखे नसतात. ज्या बेअरिंगवर प्रमाणित क्रमांक कोरलेला असतो ते शिरूरला, दौंडला किंवा फार तर पुण्यात दुकानातून त्याच दिवशी आणता येते. चेन, व्ही-बेल्ट, ऑइल सील, हायड्रॉलिक होज, मोटर यांचेही तेच. तिथे ब्रँडला फारसा अर्थ उरत नाही. अडचण येते ती कंपनीच्या खास भागांत : नियंत्रण पॅनेल आणि त्यातला प्रोग्रॅम, जाळी कापणारी पाती, हवेच्या दाबाचे व्हॉल्व्ह, खास मापाचे रोलर, फिल्म ताणणारे गियर. काही यंत्रांत पॅनेलचा प्रोग्रॅम परवलीच्या शब्दाने बंद असतो आणि गावातला हुशार इलेक्ट्रिशियनही तिथे हात टेकतो. म्हणून नवे यंत्र पाहायला जाताना गठ्ठा बांधून दाखवा एवढेच म्हणू नये. भागांची यादी मागावी आणि दोन रकाने करावेत : बाजारात मिळणारे आणि फक्त कंपनीकडचे. दुसऱ्या रकान्यातला प्रत्येक भाग कुठल्या गोदामात आहे, किती दिवसांत येईल, हे लेखी घ्यावे. ज्यांच्याकडे ते यंत्र दोन हंगाम चालले आहे अशा दोघा-तिघांकडे जाऊन शेवटचा बिघाड किती दिवसांत निघाला ते विचारावे. फिल्मचेही पाहावे. लहान यंत्रांना २५ सेंटिमीटर रुंदीचा रोल लागतो, मोठ्यांना ७५ सेंटिमीटरचा. ब्रँड बदलताना रुंदी बदलली तर घरातला फिल्मचा आणि जाळीचा साठा निकामी होतो आणि नवा पुरवठादार शोधावा लागतो. कमी दाबाच्या विजेवर पॅनेल टिकते का, जनरेटरवर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर यंत्र चालते का, हे प्रश्न माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतात, पण आपल्या गावात तेच पहिले आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या नावांच्या बाजूने. नामांकित कंपनी म्हणजे शंभर वर्षांचा अनुभव, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत काय? अनुभव खरा आहे. मोठा गोल गठ्ठा बांधणारे आजच्या धर्तीचे यंत्र १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गॅरी व्हर्मीर यांनी आणले. त्यामागे एकट्या माणसाला गवताची कापणी उरकता यावी हा हेतू होता. फिल्म गुंडाळण्याची पद्धत १९८०च्या दशकात युरोपात रुळली, आणि पुढे दोन्ही कामे एकत्र करणारी यंत्रे आली. पण ती यंत्रे शेतात पडलेले गवत उचलण्यासाठी, मोठ्या कुरणांसाठी आणि शेकडो गाईंच्या गोठ्यांसाठी घडली. आपल्याकडे चार गाईंचा गोठा रोज १८ किलोप्रमाणे ७०-७५ किलो मुरघास खातो. लहान गठ्ठा एका दिवसात संपतो. टनभराचा गठ्ठा उघडला तर तो संपेपर्यंत पंधरवडा होईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच तापू लागेल. तिकडचे उत्तम यंत्र इथे गैरसोयीचे ठरते, यात यंत्राचा दोष नाही. शिवाय नावेही हात बदलतात. नॉर्वेची क्वेर्नेलँड २०१२ मध्ये जपानच्या कुबोटाकडे गेली. लेली या डच कंपनीने आपला चारा-यंत्रांचा विभाग २०१७ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅग्कोला विकला आणि दूध काढणाऱ्या यंत्रमानवांवर भर दिला. यंत्र जुन्या नावाचे आणि भाग नव्या मालकाच्या यादीत, अशी वेळ युरोपातल्या शेतकऱ्यावरही येऊ शकते. नाव हे वचन असते, आणि ते पाळणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे की नाही यावर त्या वचनाची किंमत ठरते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : स्वस्तातले आयात यंत्र घ्यावे, दोन हंगामांत पैसे वसूल करावेत, मग मोडीत काढावे. भागांची काळजीच नको. बँकेचे हप्ते पाच-सात वर्षांचे असतात, तेव्हा दोन हंगामांचे यंत्र उरलेल्या हप्त्यांची सोय करत नाही. पण मोठा मुद्दा वेगळाच आहे. मुरघासाचा धंदा विश्वासावर चालतो. गिऱ्हाईक फिल्मच्या आतले पाहू शकत नाही. दोन हंगाम ढिले गठ्ठे विकून यंत्राचे पैसे निघतील, पण गाव हातचे जाईल. आणि त्या गावातला लहान गोठेवाला मुरघासावरच फुली मारून पुन्हा महागड्या पेंडीकडे वळेल. स्वस्त यंत्र वाईटच असते असे मात्र मी म्हणत नाही. ज्याच्या बहुतेक भागांवर प्रमाणित क्रमांक आहेत, ज्याचे पॅनेल गावातला माणूस उघडू शकतो, असे साधे यंत्र नामांकित यंत्राहून सरस ठरू शकते. कसोटी दोघांनाही एकच लावावी.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुन्या यंत्रावर बसलेला हात हेही भांडवल आहे. चालवणाऱ्याला आवाजावरून चेन ढिली झाल्याचे कळते, कुट्टी किती वेगाने सोडायची याचा अंदाज असतो. ब्रँड बदलला की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. हे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच किरकोळ कारणांसाठी यंत्र बदलू नये. पहिल्या हंगामात वाया जाणारा चारा, वाया जाणारी फिल्म, जुन्या यंत्राची पडलेली किंमत हे सारे बदलाच्या खर्चात धरले पाहिजे. तरीही बदलायचेच ठरले तर ते मका उभा असताना करू नये. रब्बीचा मका किंवा थोडी ज्वारी हाताशी धरून, घाई नसताना यंत्र आणावे आणि हात बसू द्यावा. जुने यंत्र लगेच न विकता एक हंगाम जोडीला ठेवता आले तर उत्तमच. ते चालत नसले तरी त्याचे रोलर आणि मोटर कामी येतात.

चौथा आक्षेप मुळावरच घाव घालतो : यंत्र हवेच कशाला? ज्याचा मका स्वतःचा, गोठा शेजारी आणि गाई दहा-पंधरा, त्याने बेलरच्या नादी लागू नये, हे मला मान्य आहे. चांगला तुडवलेला पक्का खड्डा किंवा टनाच्या पिशव्या त्याला टनामागे स्वस्त पडतात आणि प्लास्टिकही कमी लागते. गठ्ठ्याचा खरा उपयोग तिथे आहे जिथे मका पिकवणारा एक आणि गाय पाळणारा दुसरा. ज्याच्याकडे पाणी नाही, ज्याची जमीन अर्धा एकर आहे, ज्या बाईच्या दोन गाईंवर घराचा किराणा भरतो, तिला मोटारसायकलवर किंवा छोट्या टेम्पोत नेता येईल एवढा, एक-दोन दिवसांत संपेल एवढा गठ्ठा लागतो. खड्ड्यातला मुरघास तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. उघडल्यावर वाटेतच तो तापू लागतो. म्हणून बेलर-रॅपर हे मोठ्या बागायतदाराच्या मिरवणुकीचे यंत्र नसून भूमिहीन आणि अल्पभूधारक गोठ्यापर्यंत चारा नेणारे साधन आहे. त्याचा ब्रँड निवडतानाही याच शेवटच्या गोठ्याचा विचार आधी व्हायला हवा. वापरलेली फिल्म जाळली न जाता परत गोळा व्हावी, ही जबाबदारीही गठ्ठे विकणाऱ्याने घ्यावी.

निर्णय इतका हिशेबाचा असताना तो हिशेबाने होत नाही, याला आपली व्यवस्थाही कारण आहे. सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून चारा प्रक्रिया प्रकल्पांना खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे. ही मदत मोलाची आहे. पण अनुदानाच्या कागदात कोटेशन असते, सुट्या भागांची हमी नसते. यंत्र घेण्यासाठी पैसे मिळतात, चालते ठेवण्यासाठी नाही. मग जो वितरक कागदपत्रे लवकर करून देतो त्याचा ब्रँड गावात येतो. अनुदानाच्या अटींत खास भागांचा ठरावीक साठा जिल्ह्यात ठेवणे आणि हंगामात ४८ तासांत दुरुस्ती करणे हे वितरकाला बंधनकारक केले, तर निम्मे ब्रँडबदल टळतील असे मला वाटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारे हे एक क्षेत्र धरले होते. त्या हक्काचा अर्थ आपल्या भाषेत इतकाच : पैसे मोजून घेतलेले यंत्र उघडण्याचा, त्याचा नकाशा मिळवण्याचा आणि भाग विकत घेण्याचा अधिकार. बेलर घेणाऱ्या गटांनी तो मागून घ्यावा. आणि एका गावात चार ब्रँडची चार यंत्रे येण्याऐवजी शेजारच्या पाच गावांनी ठरवून एकाच बनावटीची यंत्रे घेतली, खास भागांचा एक सामाईक संच ठेवला आणि एक फिटर त्यावर तयार केला, तर सुटा भाग पुण्याहून किंवा परदेशातून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. तो शेजारच्या गावातून तासाभरात येईल. तेव्हा इनामगावचे यंत्र बंद पडले तर मांडवगणचे मदतीला धावेल आणि फिल्मचा रोलही एकमेकांना चालेल.

तेव्हा बेलरचा ब्रँड बदलावा की नाही, याचे माझे उत्तर असे. गठ्ठे बिघडत आहेत एवढ्यावर बदलू नये. आधी मक्याचा ओलावा, कुट्टीची लांबी, फिल्मचे थर आणि उतरवण्याची रीत दुरुस्त करावी, वजने घ्यावीत, दीड महिन्याने गठ्ठे उघडावेत. हे सारे करूनही घनता बसत नसेल, किंवा सलग दोन हंगाम भागासाठी कापणी खोळंबली असेल, तर जुन्या नावाचा मोह धरू नये आणि मोकळेपणाने बदलावे. बदलताना त्या यंत्राकडे जावे ज्याचे भाग आपल्या हाताच्या टप्प्यात आहेत, ज्याचा गठ्ठा आपल्या गिऱ्हाइकाच्या गोठ्यात एक-दोन दिवसांत संपतो, आणि जे शेजारच्या गावांनीही घेतले आहे किंवा घ्यायला तयार आहेत. यंत्र विकणारा एकदा येतो, मक्याचा हंगाम दरवर्षी येतो. निर्णय हंगामाकडे पाहून घेतला तर दुष्काळाच्या उन्हाळ्यातही दोन गाईंच्या गोठ्यात दूध टिकेल, आणि या पट्ट्यात मुरघासाच्या यंत्राची किंमत त्याच दुधाने वसूल व्हायची आहे.